पैसे गेले, पण बिल बघितलंस का?

बाय, परवा फोनवर तू बोललीस त्यातली दोन वाक्यं अजून माझ्या डोक्यात घोळतायत. पहिलं, "आत्या, लाईट बिलाची काळजी नाही, ते आपोआप भरलं जातं." दुसरं पाचच मिनिटांनी, "पण बंद घराला एवढं कसं येतं गं?" मार्च, एप्रिल, मे, तीन महिने दर महिन्याला साडेतीन हजारांच्या घरात रक्कम खारघरच्या खात्यातून गेली, आणि नागोठण्याच्या घराला होतं कुलूप. तुला कळलं जूनमध्ये, तेही पासबुक बघताना. बिल तू पाहिलंच नव्हतंस. कागदी बिल 'गो ग्रीन' करून बंद केलेलं, ईमेल जातो तुझ्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर, आणि मोबाईल नंबर अजून तुझ्या बाबांचा, भाऊंचा.

दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन मी गेले. पडवीचं ग्रील उघडलं, मीटरच्या पेटीवरची धूळ पदराने पुसली आणि आकडा पाहिला. फेब्रुवारीअखेरच्या बिलावर ७६४२ होता, त्या दिवशी ७६६४. तीन महिन्यांत बावीस युनिट, तेही मी आठवड्यातून एकदा दिवा लावायला जाते आणि पंप दहा मिनिटं चालवते म्हणून. बिल मात्र दर महिन्याला ३१० युनिटचं. हे ३१० कुठून आले? दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत भाऊंच्या आजारपणात तुम्ही सगळे इथे होतात. गीझर, एसी, पाण्याची मोटर, रात्रंदिवस दिवे. त्या महिन्यांची सरासरी काढून कुलूपबंद घराला लावली गेली. रीडिंगवाला आला होता, ग्रीलला कुलूप होतं, मीटर आत. तो बिचारा काय करणार? यात त्याची चूक नाही, आपली आहे. आणि आपली चूक असल्यामुळेच हे निस्तरणं सोपं आहे, फक्त पद्धत माहीत हवी.

ही पद्धत मी पुस्तकात वाचलेली नाही. सव्वीस वर्षं पतसंस्थेच्या खिडकीत बसून मी लाईट बिलं घेतली. कडसुऱ्याचे, वरवठण्याचे, पळसचे, वांगणीचे लोक यायचे. आधी रांगेत उभं राहून बिल उलटंसुलटं करून बघायचे, बाजूच्याला दाखवायचे, मग खिडकीशी येऊन मला विचारायचे, "बाई, हे बरोबर आहे का?" मी वैतागायचे. मागची रांग ओरडायची. आता कळतं की ती रांग म्हणजेच तपासणी होती. पैसे हातातून सुटायच्या आधी दहा मिनिटं बिल हातात असायचं. तुझ्या त्या आपोआप कापण्यात ती दहा मिनिटंच गेली.

पहिली गोष्ट एवढीच लक्षात ठेव. भरण्याआधी तक्रार केलीस तर तू देणेकरी. भरून झाल्यावर केलीस तर तू मागतकरी. देणेकऱ्याच्या मागे कंपनी येते, मागतकऱ्याला कंपनीच्या मागे जावं लागतं. आणि पैसे परत म्हणजे कोणी हातात नोटा ठेवत नाही. ते पुढच्या बिलांमधून वळते होतात. बंद घराला महिन्याला येणार किती? स्थिर आकार आणि सहा-सात युनिट. म्हणजे तुझे जास्तीचे गेलेले हजारो रुपये तुझ्याच बिलात चिमटी-चिमटीने जिरायला वर्षं लागतील. पैसे बुडत नाहीत, पण अडकतात.

आता बिल हातात घेतल्यावर नजर कुठे टाकायची ते सांगते. रकमेवर नाही. लोक तिथेच थबकतात आणि तिथेच चुकतात. 'मागील रीडिंग' आणि 'चालू रीडिंग' असे दोन चौकोन असतात, तिथे बघ. दोन्हीकडे आकडे असतील तर वजाबाकी करून युनिटशी जुळव. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी इनॅक्स, लॉक, आरएनए, फॉल्टी असं काही छापलेलं असेल, तर ते बिल मीटरचं नाही, अंदाजाचं आहे. पहिल्या तिन्हीचा अर्थ मीटरपर्यंत पोचता आलं नाही किंवा रीडिंग मिळालं नाही. फॉल्टीचा अर्थ मीटरच नादुरुस्त धरलाय. ही दोन वेगवेगळी भांडणं आहेत, त्यांची खिचडी करू नकोस. मग फोटो बघ. रीडिंग घेताना मीटरचा फोटो काढतात. फोटोतला आकडा आणि छापलेला आकडा एकच आहे का, फोटोतला मीटर नंबर आपलाच आहे का? चाळीत आणि दुकानांच्या ओळीत, जिथे एका फळीवर आठ मीटर असतात, तिथे हे फार होतं.

सरासरी बिल हे बेकायदा नाही, हेही समजून घे. मीटर वाचता आला नाही तर अंदाजाने बिल द्यायचं आणि पुढचं खरं रीडिंग मिळालं की फरक वळता करायचा, असा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा नियमच आहे. "तुम्ही सरासरी लावलीच कशी?" म्हणून ऑफिसात आरडाओरडा करणारा माणूस पहिल्याच वाक्यात हरतो. भांडायचं ते सरासरी किती महिने चालली यावर, खरं रीडिंग मिळाल्यावर फरक दिला की नाही यावर, आणि दिला तर कोणत्या हिशेबाने दिला यावर.

हा हिशेब अख्ख्या महाराष्ट्राला कळला तो २०२० साली. मार्चअखेर टाळेबंदी लागली, मीटर वाचणं बंद झालं. महावितरणने डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांची सरासरी लावून बिलं काढली. थंडीत कोकणात पंखासुद्धा बंद असतो. प्रत्यक्षात घराघरांत उन्हाळा, त्यात सगळे चोवीस तास घरी, मुंबईहून पळून आलेली माणसं वेगळी. वर १ एप्रिलपासून दरही बदलले. जूनमध्ये खरी रीडिंग आली आणि मागचा सगळा फरक एकाच बिलात उतरला. लोकांचे डोळे पांढरे झाले. मोर्चे निघाले, बिलं जाळली गेली. ऊर्जामंत्री होते नितीन राऊत. तीन हप्ते करून दिले, एकरकमी भरणाऱ्याला दोन टक्के सूट दिली. त्यापुढची सवलत येते येते म्हणत नोव्हेंबरात "मिळणार नाही" असं उत्तर आलं.

आपल्या रायगडात त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धनपासून रोह्यापर्यंत खांब आडवे, डीपी जमिनीवर, तारा आंब्याच्या फांद्यांत अडकलेल्या. कुठे आठवडा, कुठे महिना वीज नव्हती. वीजच नसलेल्या दिवसांचं बिल कसं काय, म्हणत लोक माझ्याकडे यायचे. मी तेव्हा निवृत्त झाले होते, तरी यायचे. मी एकच विचारायचे: वादळाच्या आधी मीटरवर काय होतं, माहीत आहे? दहातल्या नऊ जणांना माहीत नसायचं. ज्याला माहीत होतं तो चोळ्याचा एक म्हातारा. त्याने गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवलं होतं. त्याचं बिल सर्वांत आधी दुरुस्त झालं. खडूचा पुरावा कोर्टात चालेल की नाही देव जाणे, पण साहेबापुढे चालला, कारण म्हातारा तारीख आणि आकडा धडाधड सांगत होता आणि मीटर त्याला साक्ष देत होता.

आणि एक, सरासरी कमी आली म्हणून पेढे वाटू नकोस. २०२० चा सगळा गोंधळ कमी सरासरीचाच होता. कमी बिल म्हणजे उधारी. ती कधीतरी एकदम मागितली जाते.

तुझ्या आजोबांची सवय तुला आठवते का? स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय. त्यात दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, गाईची तारीख, आणि दर महिन्याच्या पाच तारखेच्या चौकोनात पेन्सिलने मीटरचा आकडा. तेव्हा मीटरमध्ये चकती फिरायची, तिच्यावर लाल खूण. एका युनिटला किती फेरे ते मीटरवरच लिहिलेलं असायचं. आजोबा खुर्चीवर उभे राहून, एका हाताने चष्मा धरून, फेरे मोजायचे आणि आम्ही खालून घड्याळ बघायचो. वर्ष संपलं की कालनिर्णय फेकायचे नाहीत, सुतळीने बांधून माळ्यावर टाकायचे. माळा साफ करताना मी ते गठ्ठे टाकून दिले याचं आज वाईट वाटतं. पण सवय टाकली नाही.

तू कालनिर्णयात लिही म्हणत नाही. मोबाईलने फोटो काढ. पण फोटो काढायचा कसा, ते ऐक. एका फोटोत आकडा आणि मीटर नंबर दोन्ही आले पाहिजेत. हल्लीच्या मीटरच्या पडद्यावर आकडे आपोआप बदलत राहतात, तारीख येते, वेळ येते, व्होल्टेज येतं. घाईत लोक भलताच आकडा टिपतात आणि मग ऑफिसात हसं होतं. आकड्यापुढे केडब्ल्यूएच दिसेल तो आपला. तो यायची वाट बघ, मग काढ. दोन फोटो काढ, पडद्यावर तारीख येते तेव्हाचा एक. महावितरणच्या ॲपवरून ग्राहकाला स्वतः रीडिंग पाठवता येतं. रीडिंगच्या तारखेच्या सुमारास नोंदवलेल्या मोबाईलवर मेसेज येतो, त्यानंतर थोडेच दिवस मुदत असते. बंद घरासाठी याच्याइतका दुसरा उपाय नाही. मी किल्ली घेऊन जाईन, फोटो तुला पाठवीन, तू खारघरला बसून भर. पण मेसेज येतोय भाऊंच्या नंबरवर, आणि तो फोन कपाटात बंद पडलाय. आधी नंबर बदल. आजच.

आता बँकेचं. बँकेतून आपोआप पैसे कापायची परवानगी तू दिलीस तेव्हा कमाल रक्कम काय लिहिली होतीस? दहा हजार! बाय, बंद घराला दहा हजारांची परवानगी म्हणजे तिजोरी उघडी टाकून वर पाटी लावणं. ती मर्यादाच तुझा राखणदार आहे. घर बंद असेल तर पाचशे लिही. बिल पाचशेच्या वर गेलं की पैसे कापले जाणार नाहीत, तुला कळेल, तू बघशील. मात्र अशा वेळी गप्प बसायचं नाही. मुदत टळली की बिलाला विलंब आकार चिकटतो, आणि काही बँका परत गेलेल्या परवानगीचा दंडही घेतात.

कार्ड किंवा यूपीआयवरून दर महिन्याला जाणाऱ्या पैशांना रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम घातलाय: पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी सूचना आली पाहिजे, आणि ते कापणं थांबवायची सोय असली पाहिजे. पंधरा हजारांपर्यंत ओटीपी मागत नाहीत, त्यामुळे सगळा भार त्या एका सूचनेवर आहे. तू ती बाकीच्या चाळीस जाहिरातींबरोबर पुसून टाकतेस, हे मला माहीत आहे. माझाच मुलगा तसं करतो. ती सूचना म्हणजे जुनी रांग समज. चोवीस तास आहेत, त्यात बिल उघड, दोन चौकोन बघ.

आकडा चुकीचा दिसला तर आधी बँकेतून आपोआप कापणं थांबव, मग ऑफिसला लिही. हा क्रम उलटा करू नकोस. पण कापणं थांबवायचं म्हणजे बिल भरायचंच नाही, असं नाही. लोक रागाने दोन-तीन महिने भरत नाहीत, मग वायरमन येऊन पक्कड लावतो, आणि मूळ तक्रार राहते बाजूला. विद्युत कायदा २००३ चं कलम ५६ पाठ करून ठेव, बाकीचा कायदा नाही आला तरी चालेल. थकबाकीसाठी वीज तोडायची तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि वाद चालू असताना तू हरकत नोंदवून पैसे भरलेस तर वीज तोडता येत नाही. किती भरायचे? मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांची सरासरी, यात जी कमी असेल ती. खिडकीतले लोक याला अंडर प्रोटेस्ट म्हणतात. पावतीवर नाही लिहून मिळालं तर अर्जात लिही: "वादग्रस्त बिलापोटी ही रक्कम हरकत राखून भरत आहे."

याच कलमात दोन वर्षांची गोष्ट आहे. एखादी रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांत बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवली नसेल, तर ती वसूल करता येत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अजमेरच्या एका खटल्यात म्हटलं, की हा अडसर वीज तोडण्याच्या धाकाला आहे, दुसऱ्या कायदेशीर मार्गाने पैसे मागायला नाही. शिवाय रक्कम देय होते ती बिल निघाल्यावर. त्यामुळे कोणी "दोन वर्षं झाली, बिनधास्त राहा" म्हणालं तर बिनधास्त राहू नकोस.

अर्ज कसा लिहायचा? अर्ध्या पानात. मी हजारो अर्ज पाहिलेत. तीन पानी अर्ज कोणी वाचत नाही. त्यात सासूचं आजारपण, सरकारचा निषेध आणि शेवटी "योग्य तो न्याय द्यावा". ग्राहक क्रमांक बारा आकडी, मीटर नंबर, कोणत्या महिन्यांची बिलं, त्यावर काय छापलंय, आज मीटरवर काय आहे, आणि काय हवंय. शेवटचं लोक विसरतात. "प्रत्यक्ष रीडिंगप्रमाणे बिल दुरुस्त करून फरक वळता करावा आणि माझ्या खात्याचा सीपीएल द्यावा." सीपीएल म्हणजे ग्राहकाच्या खात्याचा महिनावार उतारा. कोणत्या महिन्यात किती युनिट लावले, किती भरले, सगळं त्यात असतं. आपल्या शेताचा सातबारा तसा मीटरचा सीपीएल. तो हातात आला की समोरच्याचा सूर बदलतो. आणि ऑफिसात विचारताना "माझं काय झालं?" असं विचारू नकोस. विचार, "बी-८० झाली का?" बिल दुरुस्तीच्या कागदाला तिथे असंच म्हणतात. ते नाव माहीत असलेल्या माणसाला चौथ्या टेबलावरून पाचव्या टेबलावर कोणी पाठवत नाही.

दोन प्रती ने. एकीवर शिक्का, सही, तारीख, आवक क्रमांक. "ठेवा, बघतो" म्हणतील. गोड हसून उभी राहा. पोच मिळेपर्यंत हलायचं नाही. तुझ्या आईला ते जमायचं नाही, तिला संकोच वाटायचा. मला पहिल्यांदा वाटला होता, दुसऱ्यांदा नाही. १९१२ वर फोन करून तक्रार नोंदवलीस तर तिचा क्रमांकही अर्जात लिही. नुसत्या फोनवर मात्र विसंबू नकोस. फोनवरची तक्रार "निकाली" निघाली असा मेसेज येतो, आणि बिल होतं तिथेच असतं.

दुरुस्त बिल आलं म्हणून लगेच समाधान मानू नकोस, त्यात स्लॅब बघ. घरगुती दर चढत्या पायऱ्यांचे आहेत. पहिले शंभर युनिट स्वस्त, एकशे एक ते तीनशे महाग, त्याच्यावर आणखी महाग. समज एका घराने तीन महिने नव्वद-नव्वद युनिट वापरले आणि तिन्ही महिन्यांचे २७० एकाच बिलात आले. एका महिन्याचे धरले तर शंभर स्वस्तात आणि एकशे सत्तर महागात. तीन महिन्यांत वाटले तर सगळेच्या सगळे स्वस्तात. वाटूनच धरायचे असतात. दुरुस्तीत ते वाटले आहेत का, हे तपासायचं. तुझ्या बाबतीत उलटं. ३१० म्हणजे दर महिन्याला दहा युनिट तर तिसऱ्या पायरीवर चढले होते. परत देताना ते त्याच महाग दराने परत आले पाहिजेत, आणि वर लागलेलं सोळा टक्के वीज शुल्कसुद्धा.

मीटरच पळतोय असा संशय असेल तर ऑफिसात जायच्या आधी घरी बघ. हे तुझ्या आजोबांचंच, फक्त चकतीच्या जागी लाल दिवा आलाय. आधी घराचा मेन स्विच बंद कर. दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही तर मीटर ते मेन स्विच यांच्यात काहीतरी गडबड आहे, किंवा कोणीतरी तार टाकलीय. मग बादलीत घालायचा रॉड घे, हजार वॅटचा. गीझर नको, इस्त्री नको, ती मधेमधे आपोआप बंद होतात. रॉड सलग चालतो. बाकी सगळं बंद, फ्रीजसुद्धा. मीटरवर बघ, एका युनिटला दिव्याचे किती ठोके ते लिहिलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. हजार वॅट तासाला एक युनिट खातो. म्हणजे ३२०० ठोके साठ मिनिटांत, मिनिटाला त्रेपन्नच्या आसपास. घड्याळ लावून पाच मिनिटं मोज आणि पाचाने भाग. पन्नास-बावन्न भरले तर मीटर बरा आहे, व्होल्टेज कमी असलं की आणखीही उतरतात, आणि इथे संध्याकाळी ते कमी असतंच. सत्तर भरले तर मीटर तपासणीचा अर्ज कर आणि ठरलेली फी भरून पावती घे. तपासणीत मीटर सदोष निघाला तर, वाद उपस्थित झाला त्या महिन्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरतंच बिल बदलतात. म्हणून संशय आला की लगेच लिहायचं. वर्षभर मनात ठेवलं तर नऊ महिने पाण्यात.

आणि रॉड चालू असताना बादलीत बोट घालून पाणी तापलं का बघू नकोस. सांगावं लागतं.

ऑफिसात नाही झालं तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. आपलं पेण मंडळ भांडुप परिमंडलात येतं, तिकडे अर्ज जातो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकील लागत नाही, आपणच बोलायचं, किंवा घरच्या कोणी. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत मुंबईला विद्युत लोकपालाकडे. हे दोन्ही त्याच २००३ च्या कायद्याने दिलेत. माझ्या माहितीतली बहुतेक माणसं तिथवर पोचलीच नाहीत, कारण पोच, फोटो आणि सीपीएल हातात असला की खालीच मिटतं. ज्यांच्याकडे तिन्हींपैकी काहीच नसतं ते वरही जाऊन रिकामे येतात.

तुझा भाऊ तिकडे इंग्लंडात आहे, त्याला परवा विचारलं. तिथे तर वर्षभराचा अंदाज काढून दर महिन्याला सारखीच रक्कम बँकेतून काढतात. उन्हाळ्यात यांचे पैसे कंपनीकडे साठतात, थंडीत वळते होतात. न कळवता भलतीच रक्कम काढली तर बँक ती लगेच परत करते, तशी हमीच आहे. आणि कंपनीच्या चुकीने राहिलेलं बिल बारा महिन्यांपेक्षा मागचं मागता येत नाही, २०१८ पासून. म्हणजे साहेबाच्या घरीही सरासरीचा घोळ आहेच. आणि हा पठ्ठ्या तिथे दर महिन्याला मीटरचा फोटो पाठवतो! इथे असताना मीटर कुठल्या भिंतीवर आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

आता नवे मीटर बसतायत, ते रीडिंग आपोआप पाठवतात म्हणे. माणूस यायला नको, कुलपाचा प्रश्न नाही. चांगलंच आहे. नागोठण्याजवळ ४०० केव्हीचं एवढं मोठं उपकेंद्र उभं आहे, दाभोळची लाईन तिथे येते, आणि आपल्याकडे पावसाची सर आली की दिवे जातात. तेव्हा 'आपोआप' या शब्दावर माझा जरा बेतानेच विश्वास आहे.

राहता राहिली एक बाब, आणि ती वर्षातून एकदाच डोकावते. उन्हाळ्यात सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. वर्षभराच्या सरासरी बिलाच्या दुप्पट ठेव धरतात. आता तुझ्या वर्षात ते खोटे ३१० तीनदा बसलेत. दुरुस्ती वेळेत नाही झाली तर त्याच फुगलेल्या सरासरीवर जादा ठेव मागतील, आणि तीही लोक लाईट बिल समजून भरून टाकतात. ते बिल आलं तर भरायच्या आधी मला दाखव. ठेवीवर व्याज मिळतं, ते बिलात जमा होतंय का तेही पाहू.

सगळ्यात मोठं काम तू विचारलंच नाहीस. मीटर अजून तुझ्या आजोबांच्या नावावर आहे. त्यांना जाऊन अठरा वर्षं झाली, तरी दर महिन्याला त्यांना बिल येतं, आणि उद्या नोटीस आली तर तीही त्यांनाच येईल. कोकणातली निम्मी बंद घरं अशीच, मीटर गेलेल्या माणसाच्या नावावर, किल्ली शेजारी, पैसे मुंबईहून. वारसाला तक्रार करता येते, पण दर वेळी मृत्यूचा दाखला घेऊन कोण उभं राहणार? नाव बदलायचा अर्ज मी भरून ठेवलाय. घरपट्टीची पावती ग्रामपंचायतीतून आणलीय, चालू वर्षाची. भावंडांचं संमतीपत्र लागेल, त्यावर माझी सही करून ठेवलीय, तुझ्या काकांची राहिली आहे.

दुसरा अर्ज मीटर ग्रीलच्या बाहेर काढायचा. बाहेरच्या भिंतीला, पत्र्याची टोपी असलेल्या पेटीत, पावसाची झड लागणार नाही अशी जागा गवंड्याला दाखवून ठेवलीय. तो म्हणाला, तुळशीच्या बाजूला बरी. मी म्हटलं, नको, तिथे माकडं येतात.

शनिवारच्या पहिल्या गाडीने ये. ऑफिस दहाला उघडतं, शनिवारी सुट्टी नाही ना ते मी शुक्रवारी फोन करून विचारते. येताना बिलांच्या दोन-दोन झेरॉक्स आण, इथल्या दुकानात शाई फिकी येते आणि आकडे वाचता येत नाहीत.